सल्ला हवा: व्यायामातल्या ठोक्यांना क्वाड्रॅटिक रिग्रेशन

प्रकल्प_बारावी: ट्रेडमिलवर दर मिनिटाला वेग वाढवत १० मिनिटं हृदयाचे ठोके नोंदवले, मग ५ मिनिटं विश्रांती. व्यायामाच्या भागावर क्वाड्रॅटिक रिग्रेशनसाठी, म्हणजे नोंदींना जुळणारा वर्गसमीकरणाचा वक्र मिळवण्यासाठी, एक्सेलची ट्रेंडलाइन (पॉलिनॉमियल, ऑर्डर २) बसवली. वेळ सेकंदांत. आर-वर्ग (वक्र नोंदींना किती जुळतो त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण) ०.९८, तरीही १० व्या मिनिटाला प्रत्यक्ष ठोके १५० आणि समीकरणातून १६४! शिवाय, विश्रांतीही याच वक्रात घ्यावी का?

आलेखवाला: रिग्रेशन बरोबर आहे, आलेखावरचं समीकरणाचं लेबल फसवतंय, ते दशांश कमी दाखवतं. तिथे वेळेच्या वर्गाचा सहगुणक −०.०००१ दिसत असेल, खरा −०.०००१३९ च्या आसपास निघेल. ६०० चा वर्ग ३,६०,०००. त्याने गुणल्यावर एकीकडे −३६, दुसरीकडे −५०. हेच तुमचे १४ ठोके. लेबलच्या फॉरमॅटमध्ये दशांश ८ करा. त्याहून उत्तम म्हणजे वेळ मिनिटांत घ्या. समीकरण साधारण ९० + ११t − ०.५t² (t म्हणजे मिनिटं) असं सुटसुटीत येईल. लाइनेस्ट (सहगुणक काढून देणारं एक्सेलचं फंक्शन) वापरलंत तर t आणि t² चे रकाने शेजारी ठेवा, पण सहगुणक उलट्या क्रमाने मिळतात, t² चा आधी.

धावपट्टी: विश्रांती अजिबात जोडू नका. पॅराबोला, म्हणजे हा वर्गसमीकरणाचा वक्र, शिरोबिंदूच्या (वळणाच्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना सारखा असतो, ठोके तसे वागत नाहीत. थांबल्यावर ते आधी झपाट्याने उतरतात, मग रेंगाळतात. तिथे घातांकी वक्र हवा: ठोके शेवटी ज्या पातळीला टेकतात ती वजा करा, उरलेल्याचा लॉग घ्या, सरळ रेष बसवा. वजाबाकी शून्याजवळ आली की ते बिंदू सोडा, लॉगमध्ये ते फार उड्या मारतात.

आणि वरच्या समीकरणाचा शिरोबिंदू ११ व्या मिनिटाला आहे. २० व्या मिनिटासाठी तेच वापरलं तर ११० ठोके येतील, वेग वाढत असताना! म्हणून अंदाज १० मिनिटांच्या आतच. शिरोबिंदूला कमाल ठोके समजणं तर साफ चूक.

आलेखवाला: आर-वर्गावर विसंबू नका. प्रत्यक्ष वजा अंदाज हा फरक वेळेसमोर मांडा. बिंदू विखुरलेले हवेत. लाट दिसली तर वक्राचा आकारच चुकलाय.

प्रकल्प_बारावी: सुरुवातीला दोन नोंदी अचानक १६५ आहेत. मनगटावरचं घड्याळ वापरलं. काढून टाकू?

धावपट्टी: त्या वेळी पावलंही मिनिटाला १६५ च्या जवळपास पडत होती का, ते आधी तपासा. प्रकाशावर चालणारा सेन्सर कधीकधी पावलांची लय ठोके म्हणून धरतो. जुळलं तर काढा आणि कारण अहवालात लिहा. निव्वळ वक्रात बसत नाहीत म्हणून काढू नका. पुढच्या वेळी ठोके मोजणारा छातीचा पट्टा मिळवा, इलेक्ट्रोड ओले करून बांधा. घड्याळच वापरायचं तर ते मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट. प्रत्येक मिनिटाच्या शेवटच्या १५ सेकंदांची सरासरी घ्या, कारण वेग बदलल्यावर ठोके लगेच चढत नाहीत.