प्रतिसाद: ३३ ओहम टाकूनही स्पाइक का राहतात

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की डिजिटल सिग्नलवर स्पाइक (क्षणिक उसळ्या) दिसत असतील तर ड्रायव्हरच्या, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या चिपच्या, आउटपुट पायाशी ३३ ओहमचा रेझिस्टर टाकला की प्रश्न मिटला. रिंगिंगपुरतं, म्हणजे रेषेच्या टोकावरून परतणाऱ्या लाटेने सिग्नल थरथरतो त्यापुरतं, मान्य. ड्रायव्हरचे स्वतःचे १५-२० ओहम आणि हे ३३ मिळून ट्रेसच्या (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेच्या) ५० ओहमशी जुळतात, परत आलेली लाट तिथेच जिरते. पण ग्राउंड बाउन्स, म्हणजे चिपच्या आतलं ग्राउंडच क्षणभर उसळणं, हे वेगळं दुखणं आहे, त्यावर हा उतारा अर्धामुर्धाच. आठ आउटपुट एकदम खाली आले, प्रत्येकाचा प्रवाह २ नॅनोसेकंदात २० मिलिअँपने बदलला आणि ग्राउंड पिनचा इंडक्टन्स (प्रवाह बदलायला होणारा विरोध) ५ नॅनोहेन्री धरला, तर चिपच्या आतलं ग्राउंड ०.४ व्होल्टने उसळतं. म्हणूनच वेगवान लॉजिक चिपच्या ७४एसी११ मालिकेत पॉवर-ग्राउंडच्या पिना कोपऱ्यातून उचलून मध्यभागी आणल्या होत्या.

माझ्या एका बोर्डावर ७४एसी२४४ (आठ आउटपुटचा वेगवान बफर) होता. सात आउटपुट नाचवायचे, आठवा लो धरून त्याच्यावर ऑसिलोस्कोपचा प्रोब ठेवायचा. तिथे दिसलेला स्पाइक रिफ्लेक्शनचा (परतलेल्या लाटेचा) नव्हताच, ग्राउंड बाउन्सचा होता. शेवटी मुकाट्याने त्याचाच संथ भाऊ ७४एचसी२४४ लावला. वेग लागतच नव्हता, उगाच एसी घेतला होता!

आणि हो, मोजताना प्रोबची ग्राउंडची ती लांब मगर-क्लिप काढा. तिचे १०० नॅनोहेन्री आणि प्रोबचे १० पिकोफॅरड मिळून १६० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच वाजतात. स्प्रिंगवाली छोटी ग्राउंड टीप लावल्यावर माझं निम्मं रिंगिंग गायब झालं होतं.