२० किलोच्या कुत्रीला घरचं जेवण: माप, कॅल्शियम आणि श्रावण

रानजाई:
४ वर्षांची गावठी कुत्री, वजन २० किलो, नसबंदी झालेली. सध्या सकाळी पाकिटातले दाणे आणि संध्याकाळी दूध-पोळी. हे बंद करून पूर्ण घरचं, नैसर्गिक खाणं सुरू करायचं आहे. रोज चिकन-भात पुरतो का? माप कसं धरायचं? हाडं घालायची का? आणि श्रावणात घरात मांस शिजत नाही, तेव्हा काय द्यावं?

पाणकणीस:
आधी उष्मांक काढा. साधा कॅल्क्युलेटर चालतो: वजनाचा घन करा (२० × २० × २० = ८०००), वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, ९.४६ येईल, त्याला ७० ने गुणा. झाले साधारण ६६० किलोकॅलरी. ही नुसतं पडून राहण्यापुरती गरज. नसबंदी झालेल्या, रोज फिरणाऱ्या कुत्र्याला त्याच्या १.४ ते १.६ पट लागतं. तुम्ही १००० धरून सुरुवात करा.

दिवसभराचं ताट, सगळी वजनं कच्ची: कातडी काढलेलं बोनलेस चिकन ३५० ग्रॅम, तांदूळ १०० ग्रॅम, कोंबडीची कलेजी २५ ग्रॅम, एक अंडं, लाल भोपळा १०० ग्रॅम, फरसबी ५० ग्रॅम, करडईचं तेल २ छोटे चमचे. दोन वेळांत विभागून द्या. कलेजी चांगली म्हणून वाढवत नेऊ नका, तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की महिनोन्महिने जास्त दिलं तर हाडांना आणि सांध्यांना त्रास होतो.

सगळं कुकरला एकत्र लावा, तेल मात्र गार झाल्यावर वरून. शिजवलेलं पाणी ओतू नका, टॉरिन (हृदय आणि डोळ्यांना लागणारं अमिनो आम्ल) आणि ब जीवनसत्त्वं त्यातच उतरतात. मीठ नको, चिकनमधलं सोडियम पुरतं. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांचंच ठेवा, बाकीचे डबे फ्रीझरला.

वस्त्रगाळ:
वरचं ताट आहे तसं दिलं तर महिनाभर कुत्री छान दिसेल, आणि तरीही ते अपुरंच आहे. त्यात फॉस्फरस सुमारे १ ग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम ०.१ ग्रॅम. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच हवं. ते अन्नातून आलं नाही की शरीर हाडांतून ओढून घेतं. रक्ततपासणीत कॅल्शियम नॉर्मल दिसत राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पिल्लांचे पाय वाकतात, मोठ्या कुत्र्यांचा जबडा मऊ पडतो.

उपाय स्वस्त आहे. अंड्याची टरफलं धुऊन १० मिनिटं उकळा, कडकडीत वाळवा, मिक्सरला फिरवा आणि पुरण यंत्राच्या चाळणीवर न थांबता सुती कापडातून गाळा. बोटांत चोळल्यावर टाल्कम पावडरसारखी लागली पाहिजे. खरखरीत लागली तर परत फिरवा, कारण ते कण नीट विरघळत नाहीत. या ताटाला रोज ३ ग्रॅम, म्हणजे छोट्या चमच्याने अर्ध्याहून थोडी जास्त. दागिने तोलायचा छोटा काटा असेल तर उत्तमच. बाजारातल्या बऱ्याच कॅल्शियम सिरपांत फॉस्फरसही असतो. इथे ती चालणार नाहीत, फॉस्फरस आधीच पुरेसा आहे.

शिवाय जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व या ताटात कमी पडतात. आठवड्यातून दोनदा ८० ग्रॅम चिकनच्या जागी तारली द्या, काटे चुरडून मऊ होईपर्यंत कुकरला शिजवून. त्याने ड जीवनसत्त्वाची थोडी भर पडेल. पण जस्त-आयोडीनसाठी पशुवैद्याकडून घरच्या आहारासाठीचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण लिहूनच घ्या. निव्वळ पोळी-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्यांच्या डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडेला खपल्या धरतात, त्यामागे अनेकदा जस्ताची कमतरता असते. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्त अडकवून ठेवतं.

हाडांबद्दल: शिजवलेलं हाड अजिबात नाही. त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि आतडं फाडतात.

आणि हे माप पिल्लाला लावू नका. विशेषतः लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डच्या पिल्लांच्या आतड्याला जादा कॅल्शियमचं शोषण रोखता येत नाही, त्यांचं गणित वेगळं मांडावं लागतं.

रानजाई:
टरफलांचं कळलं, आभार! आमच्याच रश्श्यातलं चिकन धुऊन दिलं तर चालेल का? कच्चं मांस जास्त नैसर्गिक असं वाचते, त्याचं काय? आणि श्रावण राहिलाच.

पाणकणीस:
रश्श्यातलं नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवून, वाळवून, मसाल्यात दळून, कसंही दिलं तरी विष तेच, आणि धुऊन जात नाही. लक्षणं काही दिवसांनी दिसतात: हिरड्या फिक्या, लघवी गडद. चिमूटभर हळदीला हरकत नाही. शिऱ्यातले मनुके आणि द्राक्षं मात्र कटाक्षाने टाळा, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

कच्च्या मांसातून साल्मोनेला हा जिवाणू घरभर पसरू शकतो. त्याहून वाईट म्हणजे खाटकाकडचं बकऱ्याचं कच्चं काळीज-फुप्फुस. त्यातून कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो आणि त्याच्या अंड्यांनी माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. शिजवूनच द्या.

वस्त्रगाळ:
श्रावणासाठी पनीर-डाळीची जुळवाजुळव करण्यापेक्षा महिनाभर चांगलं पाकीट द्या, असं माझं स्पष्ट मत. पनीरमध्ये स्निग्धांश बराच, अचानक जास्त दिलं की जुलाब होतात, स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते. पाकिटावर ‘नॅचरल’ लिहिलंय म्हणून घेऊ नका, तो शब्द पोषणाबद्दल काहीच सांगत नाही. मागच्या बाजूला ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आणि प्रौढ कुत्र्यासाठी, असं हवं. ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर ते पूर्ण जेवण नव्हे.

दाणे आणि ओलं अन्न यांची तुलना पाणी वजा करून करा. दाण्यांत १० टक्के पाणी आणि २४ टक्के प्रथिनं, म्हणजे कोरड्या वजनावर २७ टक्के. ओल्या पाऊचमध्ये ८० टक्के पाणी आणि ८ टक्के प्रथिनं, म्हणजे ४० टक्के. पाऊचवरचा ८ चा आकडा बघून लोक उगाच नाक मुरडतात.

घरात मांजर असेल तर तिला कुत्रीच्या ताटातलं रोज देऊ नका. तिला टॉरिन अन्नातूनच लागतं, ते कमी पडलं की हृदय आणि डोळे जातात.

बदल आठ-दहा दिवसांत करा, दर दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा नवा. श्रावण लागायच्या आठ दिवस आधीच पाकिटाकडे वळायला लागा. दर पंधरवड्याला वजन करा आणि बरगड्यांवरून हात फिरवा: दाब न देता बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्यांना ठळक दिसता कामा नयेत. शोधाव्या लागल्या तर तांदूळ २० ग्रॅमने कमी करा, चिकन नाही.