मदत हवी आहे: रोलिंग डिस्ट्रोवर (सतत नवीन व्हर्जन देणाऱ्या लिनक्सवर) नवीन फीचर नक्की येतं कसं? गणपतीच्या कामाआधी ठरवायचंय

नमस्कार मंडळी, माझं परळला बॅनर आणि निमंत्रणपत्रिकांचं काम आहे, उबंटू २४.०४ ह्या लिनक्सवर गिम्प २.१० हा डिझाईनचा प्रोग्राम वापरतो. गिम्प ३.० मार्च २०२५ मध्ये आलं, त्यात अक्षरांना आउटलाईन, शॅडो दिल्यावरही मजकूर बदलता येतो आणि ज्यांनी मंडळांची कामं केलीत त्यांना कळेल मी ह्यासाठी एवढा का अडून बसलोय, कारण कार्याध्यक्षांचं नाव रात्री अकराला बदलतं, सकाळी बॅनर लागायला हवा आणि मी ते सगळं पहिल्यापासून करत बसतो.

एकाने सांगितलं की एलटीएसमध्ये (माझ्या उबंटूसारख्या, बरीच वर्षं सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीत) व्हर्जन गोठवलेलं असतं, सिक्युरिटीचे फिक्स जुन्याच व्हर्जनला लावून देतात, नवीन फीचर पाहिजे तर रोलिंगवर जा. पण तिथे डेव्हलपरने आज काढलं की उद्या थेट माझ्या मशीनवर? मधे कोणी तपासतं का? आणि अंधेरीतल्या मित्राने रोलिंगवर फक्त एकच प्रोग्राम अपडेट केला, बाकी सिस्टीम तीन महिने जुनी, तर तो उघडेचना, लायब्ररी (प्रोग्रामला चालायला लागणाऱ्या सामायिक फाईली) सापडत नाही म्हणे. म्हणजे मला गिम्प पाहिजे तर बाकी सगळंही नवीन घ्यायचं का? श्रावण लागला की मशीन एक दिवसही बंद परवडत नाही. रोलिंगमधलं आर्च घेऊ की टम्बलवीड, कृपया सांगा.

प्रतिसाद १:
हो, सगळंच घ्यायचं. रिपॉझिटरीतला (डिस्ट्रोच्या प्रोग्रामांच्या साठ्यातला) प्रत्येक प्रोग्राम तिथल्याच आजच्या लायब्ररींवर बिल्ड केलेला असतो, तुमच्याकडे लायब्ररी जुनी राहिली की मित्रासारखं होतं, आर्चवाले तर अर्धवट अपडेटला सपोर्टच देत नाहीत. आणि थेट काही येत नाही. पॅकेज सांभाळणारा माणूस नवीन सोर्स घेऊन बिल्ड करतो. आर्चमध्ये महत्त्वाची पॅकेजेस आधी टेस्टिंगमध्ये जातात, मग मुख्य रिपॉझिटरीत. टम्बलवीडमध्ये अख्ख्या डिस्ट्रोचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या वेळचा पूर्ण संच, बनतो, ओपनक्यूए नावाची यंत्रणा तो इन्स्टॉल करून, प्रोग्राम उघडून बघते आणि पास झाला तरच तो सगळ्यांना मिळतो. शिवाय बीटीआरएफएस ह्या फाईल सिस्टीमवर इन्स्टॉल केलंत तर अपडेटच्या आधीची सिस्टीम स्नॅपर नावाचा प्रोग्राम जपून ठेवतो, बिघडलं तर बूटच्या मेनूतून जुनी निवडायची आणि रोलबॅक करायचं. तुमच्या धंद्याला मी हेच सुचवेन. अपडेट मात्र तुम्ही म्हणाल तेव्हाच, कामाच्या आठवड्यात हातच लावू नका, फक्त तेवढे दिवस सिक्युरिटी फिक्सही थांबतात हे लक्षात ठेवा.

पण मला विचाराल तर नुसत्या गिम्पसाठी डिस्ट्रो कशाला बदलता? फ्लॅटपॅकने (डिस्ट्रोपासून वेगळं प्रोग्राम टाकायची पद्धत) नवीन गिम्प घ्या, ते स्वतःच्या लायब्ररी घेऊन येतं, उबंटूला धक्का लागत नाही.

धागाकर्ता:
खूप आभार, एकच पॅकेज का चालत नाही ते आज पहिल्यांदा नीट कळलं. आज रात्री फ्लॅटपॅक टाकतो. टम्बलवीड दिवाळीनंतर, जुन्या लॅपटॉपवर. एक राहिलं, माझे मराठी फॉन्ट होम फोल्डरमधल्या फॉन्ट्समध्ये आहेत, ते फ्लॅटपॅकवाल्या गिम्पला दिसतात ना?

प्रतिसाद १:
दिसतात, सिस्टीमचे आणि तुमचे दोन्ही. नवीन फॉन्ट टाकलात तर गिम्प बंद करून परत उघडा.