ओकिनावासारखे पीएचडी-विद्यापीठ महाराष्ट्रात नव्याने उभारावे, की पुण्यात आहे तेच जोडावे?

अणुरेणू (धागाकर्ता)

जपानच्या ओकिनावा बेटावरचे ओआयएसटी हे विद्यापीठ नोव्हेंबर २०११ मध्ये स्थापन झाले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये तिथे ३४ विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. तिथे बीएस्सी नाही, एमएस्सी नाही, फक्त पाच वर्षांची पीएचडी. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र असे विभागही नाहीत. प्रत्येक प्राध्यापकाचा स्वतंत्र गट असतो, त्याला युनिट म्हणतात. कारभार इंग्रजीत चालतो आणि निम्म्याहून जास्त विद्यार्थी जपानबाहेरचे असतात. गटाला दरवर्षी ठरलेला निधी संस्थेकडूनच मिळतो आणि दर पाच वर्षांनी बाहेरचे तज्ज्ञ येऊन काम तपासतात.

मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते पहिले वर्ष. विद्यार्थी आल्या आल्या गाइड ठरवत नाही. चार-चार महिन्यांची तीन रोटेशन (वेगवेगळ्या गटांत पाळीपाळीने काम) करतो आणि त्यातले एक स्वतःच्या विषयाबाहेरचे असावे लागते. आपल्याकडे एमएस्सी झालेल्या मुलाला वेबसाइटवरचे अर्धे पान वाचून पाच-सहा वर्षांचा गाइड निवडावा लागतो. भौतिकशास्त्राच्या मुलीला मेंदूविज्ञानात जायचे असेल तर प्रवेशपरीक्षेपासूनच दारे वेगळी. या भिंती जुन्या विद्यापीठात पाडता येत नाहीत, कारण विद्यार्थीसंख्या, जागा आणि बढत्या सगळे विभागाच्या खात्यावर असते. म्हणून माझे मत: महाराष्ट्राने अशी एक संस्था पुणे परिसरात कोऱ्या पाटीवर उभारावी.

निवळशंख

असहमत. कोरी पाटी आपल्याकडे आधीच लिहून झाली आहे. मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) १९४५ पासून आहे, २००२ पासून अभिमत विद्यापीठ आहे आणि तिथे बीएस्सीचे वर्ग भरत नाहीत. पीएचडी-केंद्री संस्था ही कल्पना मुंबईला नवी नाही.

ओआयएसटीचे गमक रचनेत कमी आणि पैशात जास्त आहे. त्यांचे वार्षिक सरकारी अनुदान सुमारे २,००० कोटी येन, म्हणजे ढोबळमानाने १,१०० कोटी रुपये. गट साधारण ९०. भागाकार केला तर दर गटामागे वर्षाला १२ कोटी रुपयांच्या वर जाते. बांधकाम, प्रशासन, विद्यार्थ्यांचे वेतन सगळे त्यातच धरले आहे. आता आपली बाजू पाहा. संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी पाच वर्षांचे ५०,००० कोटी जाहीर झाले, पण त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. सरकारी वाटा वर्षाला सरासरी २,८०० कोटी, तोही अख्ख्या देशासाठी. एका ओआयएसटीला त्याच्या ४० टक्के लागतील. असे विद्यापीठ राज्याच्या अंदाजपत्रकातून दहा वर्षे सलग पोसता येईल असे वाटत असेल, तर कोणत्या लेखाशीर्षाखाली ते सांगा.

दुसरे असे की तो पैसा ओकिनावाच्या विकासाच्या खात्यातून मंत्रिमंडळ कार्यालयामार्फत येतो. जपानमधल्या तुलनेने गरीब प्रांतासाठी केलेली ती राजकीय तरतूद आहे. ते कारणच आपल्याकडे नाही.

गणेशखिंड

दोघांचेही अर्धे पटते. पैसा नाही हे खरे, भिंती आहेत हेही खरे. पण पुण्याचा नकाशा समोर ठेवून बोलू या.

पाषाणच्या बाजूला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) शेजारी शेजारी, तिथून जवळच आयआयटीएम (हवामानशास्त्र संस्था). पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका (खगोलशास्त्र), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्र) आणि एनसीसीएस (पेशीविज्ञान). लॉ कॉलेज रस्त्यावर आघारकर संस्था. रसायन, हवामान, पेशीविज्ञान, खगोल, वनस्पती असे सगळे दुचाकीवरून अर्ध्या तासाच्या आत. ओआयएसटीच्या टेकडीवर जेवढे विषय आहेत तेवढे इथे आहेत, फक्त सात कुंपणांच्या आत.

कुंपण ओलांडता येते याचा पुरावाही इथलाच आहे. आयुका आणि एनसीआरए यांची पदव्युत्तर शाळा एकत्र चालते. एक संस्था विद्यापीठ अनुदान आयोगाची, दुसरी अणुऊर्जा विभागाखालच्या टीआयएफआरची. तरीही पहिल्या वर्षाचे खगोलशास्त्राचे वर्ग दोघांची मुले एकत्र करतात. हेच सात संस्थांनी करावे. सामाईक पहिले वर्ष, सामाईक रोटेशन, पदवी ज्याची त्याची. नवी जमीन नको, नवा कायदा नको.

सप्तपर्णी

रोटेशनबद्दल सगळे चांगलेच बोलत आहेत, म्हणून ते कुठे फसते तेही लिहिते.

चार महिने हा कालावधी विषयानुसार फार वेगळा पडतो. संगणकीय किंवा सैद्धांतिक गटात एक छोटा प्रश्न पूर्ण होतो. उंदरांवरच्या कामात मात्र नैतिक समितीची मंजुरी, प्राणी हाताळण्याचे प्रशिक्षण आणि पैदास यातच वेळ जातो; विद्यार्थ्याच्या हाती फक्त दुसऱ्याच्या प्रयोगातला एक तुकडा येतो. क्लोनिंगमध्ये (जनुकाच्या प्रती बनवण्याच्या कामात) प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, मागवण्यापासून सीक्वेन्सिंगचा निकाल येईपर्यंत सहज सहा-आठ आठवडे लागतात, आणि पहिला कन्स्ट्रक्ट (जोडून तयार केलेला डीएनए) चुकला तर रोटेशन संपले. त्यामुळे गाइडने रोटेशनचा प्रश्न आधीच कापून तयार ठेवावा लागतो: साहित्य फ्रीजमध्ये, प्रोटोकॉल चाललेला, एकच चल (बदलता घटक) बदलायचा. ही तयारी नसली की विद्यार्थी चार महिने नुसता भांडी धुतो आणि गटाबद्दल चुकीचे मत घेऊन जातो.

दुसरी अडचण शेवटच्या जोडणीची. तीन गट फिरून झाल्यावर पाच जणांना एकच गट हवा असतो आणि तिथे जागा दोन. उरलेल्या तिघांची सोय आधी लिहून ठेवली नसेल तर पहिल्या वर्षाच्या शेवटी मुले अधांतरी लटकतात. म्हणून प्रत्येक गाइडने सत्र सुरू होण्याआधी ‘यंदा इतक्या जागा’ असे जाहीर करायला हवे, आणि विद्यार्थ्याचा पगार गाइडच्या प्रकल्पातून नव्हे तर संस्थेतून यायला हवा. ओआयएसटीत तो संस्थेतून येतो म्हणून रोटेशन चालते. पगार प्रकल्पातून असेल तर ‘माझ्या पैशावर बारा महिने दुसऱ्यांच्या लॅबमध्ये का?’ असे गाइड विचारणारच, आणि त्याचे चुकत नाही.

गणेशखिंड

सप्तपर्णी, यावर आपल्याकडे एक उपाय हाताशी आहे. सीएसआयआर-यूजीसी नेटची फेलोशिप विद्यार्थ्याच्या नावावर असते, गाइडच्या नव्हे. जेआरएफला (कनिष्ठ फेलो) दरमहा ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ फेलो) ४२,००० रुपये, वर घरभाडे, हे दर जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. अशा मुलांपासून सुरुवात केली तर रोटेशनच्या वर्षात कोणाच्या प्रकल्पावर बोजा नाही.

सप्तपर्णी

कागदावर बरोबर. पण ती फेलोशिप मिळायची तर आधी कुठल्या तरी संस्थेत गाइडच्या नावासह रुजू व्हावे लागते. गाइड न ठरवता रुजू होण्याची सोय मुद्दाम मागून घ्यावी लागेल. शिवाय अशा फेलोशिपचे हप्ते महिनोन्‌महिने रखडतात. खोलीभाडे दर महिन्याला द्यायचे असते. तेव्हा पहिल्या दिवसापासून संस्थेने स्वतःच्या निधीतून पैसे द्यावेत आणि नंतर फेलोशिप आली की वळते करून घ्यावेत. हा फिरता निधी नसेल तर योजना सुरूच करू नये, असे मी ठामपणे म्हणेन.

तांबडमाती

इथवर कोणी उपकरणांविषयी बोललेच नाही, आणि माझ्या मते ओआयएसटीचे खरे बळ तिथे आहे. सीक्वेन्सिंग, इमेजिंग, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, एनएमआर (चुंबकाने रेणूंची रचना तपासणारे यंत्र), यंत्रशाळा, महासंगणक हे सगळे सामाईक. गटप्रमुखाच्या मालकीचे काही नाही. नवीन प्राध्यापक आल्यावर पहिली दोन वर्षे यंत्र मागवण्यात घालवत नाही. तिथल्याच गटाने २०११ मध्ये प्रवाळाचा पहिला जीनोम वाचला, २०१५ च्या ऑक्टोपसच्या जीनोममध्येही वाटा उचलला. एवढ्या लहान संस्थेत हे सामाईक सीक्वेन्सिंग विभागामुळेच झेपते.

आपल्याकडचा क्रम असा: इंडेंट, स्पेसिफिकेशन समिती, अंदाजपत्रक, टेंडर, तांत्रिक बोली, आर्थिक बोली, खरेदी आदेश, लेटर ऑफ क्रेडिट, जहाज, सीमाशुल्क सवलतीचे प्रमाणपत्र, मग उभारणी. यात वर्ष जाते. जून २०२५ मध्ये केंद्राने नियम सैल केले. संशोधन संस्थांच्या संचालकांना जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलबाहेर वैज्ञानिक खरेदीची मुभा मिळाली, कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख झाली, खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाख झाली, आणि २०० कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला संचालकच मंजुरी देऊ शकतात. ही मोठी सुधारणा आहे.

पण यंत्र आले म्हणजे चालले असे नाही. खोलीत न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेज एक-दोन व्होल्टच्या आत हवा; तो पाच-सात असेल तर डिटेक्टरचे बोर्ड जातात आणि कंपनी वॉरंटी नाकारते. एनएमआरला द्रव नायट्रोजन आठवड्या-दहा दिवसांनी आणि द्रव हेलियम काही महिन्यांनी भरावेच लागते. एक भरणा चुकला आणि चुंबक क्वेंच झाला (एकदम तापून त्यातले हेलियम उडून गेले) तर दुरुस्तीचा आकडा लाखांत जातो. देखभाल करार दरसाल किमतीच्या ५ ते १० टक्के. प्रकल्प तीन वर्षांचा, यंत्राचे आयुष्य बारा वर्षांचे. उरलेल्या नऊ वर्षांचे पैसे कोणाच्याच खात्यात नसतात, म्हणून झाकलेली यंत्रे दिसतात.

गणेशखिंड यांची सात संस्थांची जोडणी मला आवडली, पण ती वर्गांपासून नव्हे, यंत्रांपासून सुरू करा. एकच वेळापत्रक, एकच दरपत्रक, आणि प्रत्येक मोठ्या यंत्रामागे कायम पदावरचा एक तंत्रज्ञ. सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावरचा मुलगा यंत्र शिकतो तोवर सोडून जातो.

अणुरेणू

तांबडमाती यांचे प्रत्येक वाक्य मान्य. पण तेच माझ्या बाजूचे आहे. सात संस्थांच्या सात वेगवेगळ्या वरिष्ठ यंत्रणा आहेत. यंत्र बिघडले की ‘तुमच्या विद्यार्थ्याने बिघडवले’ आणि ‘तुमच्या तंत्रज्ञाने लक्ष दिले नाही’ हा वाद कोण मिटवणार? अपघात विमा कोणाचा? दोन संस्थांत मिळून झालेल्या कामाचे पेटंट कोणाचे? पदवीही वेगवेगळी: आयसर स्वतःची देते, एनसीएलची मुले एसीएसआयआरची (सीएसआयआरच्या अकादमीची) घेतात, एनसीआरएची टीआयएफआरची, आणखी काही जणांची पुणे विद्यापीठाची. प्रत्येकाचे कोर्सवर्कचे क्रेडिट वेगळे. खगोलशास्त्राचे दोन शेजारी एकत्र आले म्हणून सात परके येतील असे नाही. एक कुलगुरू आणि एक तिजोरी असेल तरच हे सुटते.

आणि पैशाबद्दल: सुरुवात ९० गटांनी करायला कोण सांगते? १५ गटांनी करा. लहान संस्थाही वर येते. २०१९ च्या नेचर इंडेक्समध्ये (संस्थांच्या शोधनिबंधांवरून केलेली क्रमवारी) आकारमानानुसार समायोजित यादीत ओआयएसटी जगात नववे होते.

निवळशंख

त्या यादीचा आधार घेऊ नका. ती यादी चांगल्या निबंधांचा वाटा संस्थेच्या एकूण नैसर्गिक विज्ञानातल्या निबंधांशी ताडते. फक्त पीएचडी देणारी, निवडक भरती करणारी लहान संस्था तिथे वर येणारच. शेकडो महाविद्यालये सांभाळणाऱ्या विद्यापीठाशी ती तुलना लागू नाही.

माझा मूळ आक्षेप राहिलाच. पदवीचे वर्ग नसतील तर पीएचडीच्या मुलाला शिकवण्याचा सराव मिळत नाही, आणि आपल्या मुलांची नोकरी बहुतेक वेळा शिकवण्याचीच असते. आयसरमध्ये २००६ पासून पाच वर्षांचा बीएस-एमएस आणि पीएचडी एकाच छताखाली आहेत. तिसऱ्या वर्षाची मुलगी थेट संशोधन गटात येऊन बसते, पीएचडीचा मुलगा तिला प्रात्यक्षिक शिकवतो. दोघांचा फायदा. ओकिनावात हा दुवाच नाही. त्या नमुन्याची ही उणीव मुद्दाम विकत का घ्यायची?

उंबरठा

वाद चालू द्या. पण एमएस्सीची मुले हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडे कामाचे. ओआयएसटीला अर्ज करताना आधी गाइड ठरवावा लागत नाही. गुणपत्रके, शिफारसपत्रे, हेतुपत्र आणि इंग्रजीचा पुरावा एवढ्यावर पहिली चाळणी होते, मग निवडलेल्यांच्या अनेक प्राध्यापकांबरोबर मुलाखती. हेतुपत्रात एकाच प्राध्यापकाची स्तुती करू नये. तीन वेगळे गट आणि प्रत्येकाकडे नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे ते लिहावे. तिथली पद्धतच तशी आहे. शिफारसपत्र विभागप्रमुखाचे असावे हा हट्ट सोडा. ज्याने तुमचे प्रयोगवहीतले काम पाहिले त्याचे घ्या. फक्त तीन वर्षांची बीएस्सी झाली असेल तर पात्रतेबद्दल प्रवेश कार्यालयाला लेखी विचारून मगच अर्ज भरा.

आधी चव घ्यायची असेल तर २ ते ६ महिन्यांची संशोधन इंटर्नशिप आहे. प्रवास, राहणे आणि दैनिक भत्ता संस्था देते. आणि ओआयएसटी जिथे आहे त्या ओन्ना गावात रेल्वे नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यावर तिथे जास्तीत जास्त एक वर्ष गाडी चालवता येते, नंतर जपानी परवान्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही चाचण्या द्याव्या लागतात. त्याची तयारी पहिल्याच वर्षात सुरू करा.

गणेशखिंड

अणुरेणू, विमा, पेटंट आणि क्रेडिट हे तुमचे तीन प्रश्न रास्त आहेत. पण तिन्ही प्रश्न सामंजस्य कराराच्या तीन कलमांत बसतात; एका कुलगुरूची वाट पाहिली तर दहा वर्षे जातील. विमा मूळ संस्थेचा, यंत्राच्या दुरुस्तीला सामाईक निधी, रोटेशनमधल्या कामाचे हक्क यजमान गटाचे आणि विद्यार्थ्याचे नाव सहलेखकांत. क्रेडिटसाठी फक्त दोन विषय सर्वांनी मान्य करावेत: संख्याशास्त्र आणि संशोधनातली नीतिमत्ता.

आणि सातही नकोत. एनसीएल आणि आयसर, मध्ये एक भिंत. दहा विद्यार्थी, दोन रोटेशन, एक वर्ष. सप्तपर्णी म्हणतात तो फिरता निधी दहा जणांचा बारा महिन्यांचा काढला तर ३७,००० च्या हिशेबाने ४४ लाख ४० हजार रुपये, वर घरभाडे.

तांबडमाती

त्यात दोन तंत्रज्ञांची कायम पदे धरा. नाहीतर दहाही मुले यंत्राच्या रांगेत बसतील.