भाग १९४ : तास ठरले, साधनांचे प्रमाण कधी ठरणार?

प्रवाहमापी
अमेरिकेत जमिनीवरच्या तेलवाहिनीच्या चालकाला, गळती झाल्यावर काय करणार, याचा आराखडा आधीच करून फिम्साकडे, म्हणजे पाइपलाइन व घातक पदार्थ सुरक्षा प्रशासनाकडे, द्यावा लागतो. १९९० च्या तेलप्रदूषण कायद्यातून आलेला हा नियम संघीय नियमसंहितेच्या ४९ व्या शीर्षकात भाग १९४ म्हणून आहे. तो वेळेबाबत काटेकोर आणि सामग्रीबाबत मोघम आहे. हा मोघमपणा काढलाच पाहिजे, असे माझे मत.

२० इंच किंवा त्याहून मोठी वाहिनी वेगवान, वाहतुकीची मोठी नदी ओलांडते तिथे साधनांची पहिली फळी ६ तासांत, दुसरी ३० आणि तिसरी ५४ तासांत पोचायला हवी. इतरत्र १२, ३६ आणि ६० तास. पण त्या फळीत किती स्किमर (पाण्यावरचे तेल ओढून घेणारी यंत्रे), किती फूट बूम (तेल अडवणारा तरंगता अडसर), काढलेले तेल साठवायला किती टाक्या? नियम फक्त 'आवश्यक ती साधने, व्यवहार्य असेल त्या कमाल मर्यादेपर्यंत' असे म्हणून थांबतो.

पर्यावरण संरक्षण संस्थेच्या भाग ११२ मध्ये, म्हणजे तेलसाठ्यांच्या नियमात, हेच गणित लिहून दिलेले आहे. स्किमरच्या पाटीवरची क्षमता जशीच्या तशी धरायची नाही, २० टक्केच धरायची. तासाला १०० बॅरलचा स्किमर असेल तर १०० × २४ × ०.२, म्हणजे दिवसाला ४८० बॅरल. शिवाय पाण्यात घुसळून तेलाचे आकारमान वाढते, म्हणून मध्यम कच्च्या तेलाला २ ने गुणायचे. हे भाग १९४ मध्ये का नसावे?

दुसरा दोष याहून मोठा. हे तास मोजायचे ते गळतीचा 'शोध लागल्यापासून'. जुलै २०१० मध्ये मिशिगनमधल्या मार्शलजवळ एनब्रिजची ३० इंची ६बी वाहिनी फुटली. १७ तासांहून जास्त काळ नियंत्रण कक्षाला कळले नाही, उलट पंप दोनदा पुन्हा सुरू झाले. सुमारे ८,४३,००० गॅलन तेल बाहेर आले. घड्याळ सुरू होण्याआधीच ते टालमॅज नाल्यातून कॅलमझू नदीत पोचले होते.

झडप_१२
निदान बरोबर, औषध चुकीचे. मार्शलला चूक झाली ती प्रमाणाच्या कलमात नव्हे, नियंत्रण कक्षात. दाब घसरल्याचे इशारे आले, ते वाहिनीतला द्रवस्तंभ तुटल्याचे, म्हणजे मध्ये वाफेची पोकळी होऊन तेल सलग न राहिल्याचे, समजले गेले. स्तंभ १० मिनिटांत जुळला नाही तर बंद करायचे, असा कंपनीचाच नियम होता. तो पाळला गेला नाही. बूमची लांबी कायद्यात छापून यातले काय टळले असते?

आता सूत्र बघा. सर्वांत वाईट गळतीची एक मोजणी अशी : शोधायला लागणारा कमाल वेळ अधिक बंद करायला लागणारा कमाल वेळ, गुणिले कमाल प्रवाह, अधिक पंप थांबल्यावर निचरून येणारे तेल. आजवरची मोठी गळती आणि सर्वांत मोठी टाकी यांच्याशी तुलना करून जो आकडा मोठा तो धरायचा. तासाला १०,००० बॅरलची वाहिनी ५ मिनिटांत शोधून ३ मिनिटांत बंद केली, असे कागदावर लिहिले तर पहिला भाग येतो जेमतेम १,३३३ बॅरल. उलट आतला व्यास २९ इंच असेल तर एका मैलात सुमारे ४,३०० बॅरल मावतात. फुटीच्या वरच्या चढावर तीन मैल झडपच नसेल तर तेवढ्यातच जवळजवळ १३,००० बॅरल उतरतात. मोठा आकडा निचऱ्याचा आहे, म्हणून पैसा झडपांवर आणि चढउताराच्या अचूक नकाशावर घालावा. २०२२ च्या नियमाने नव्या किंवा पूर्ण बदललेल्या ६ इंच व त्याहून मोठ्या वाहिन्यांवर, वाहिनी फुटल्याचे ओळखल्यापासून ३० मिनिटांत बंद होणाऱ्या झडपा आणल्या. जुन्या वाहिन्या मात्र तशाच राहिल्या. भांडायचे तर यासाठी भांडा.

प्रवाहमापी
तुमच्याच उदाहरणात ती ५ आणि ३ मिनिटे कुणी ठरवली? चालकाने. तपासणाराने ती का मान्य करावीत, याचा निकष नियमात कुठे आहे? राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या २०१२ च्या अहवालात आहे की फिम्साकडे सुमारे ४५० आराखड्यांसाठी जेमतेम दीड कर्मचाऱ्याइतके मनुष्यबळ होते. एवढ्या माणसांना मोघम कलम तपासता येत नाही, आकडा तपासता येतो. म्हणूनच आकडा हवा.

नदीकाठ
दोघेही बॅरल मोजताय, मुख्य अडचण प्रवाहाच्या वेगाची आहे. पाणी सुमारे ०.७ नॉटहून (१ नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किमी) वेगाने बूमवर आडवे आदळले की तेल खालून निसटते. म्हणून बूम तिरका लावावा लागतो. २ नॉटला काठाशी कोन साधारण २० अंश, म्हणजे २०० फूट रुंद पात्राला जवळजवळ ५८० फूट बूम. ३ नॉटला कोन १३ अंशांवर येतो आणि लांबी ८८० फुटांच्या पुढे जाते. नांगर धरेल असा तळ आणि काठावर दोर बांधायची जागा नसेल तर हजार फूट बूम गोदामातच बरा. प्रवाहमापींचे प्रमाण लिहिले तरी प्रत्येक ओलांडणीचा वेग आणि रुंदी त्यात आली पाहिजे.

आणि लहान नाल्यात बूम कशाला? रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी मातीचा बांध घालून त्यातून तिरके पाइप खाली सोडा, पाणी तळातून जाते आणि तेल वर अडते. मार्शलला सुरुवातीचा जोर फुटीजवळ न लागता खाली गेला, मंडळाचा ठपका त्यावरही आहे. आराखड्यात प्रत्येक मोरीचा व्यास, रस्ता आणि मातीची जागा हवी.

झडप_१२
नदीकाठ, हे पटले. पण मग हे देशभर एकच तक्ता लावून होणार नाही, प्रतिसाद क्षेत्रागणिकच्या, म्हणजे वाहिनीच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळ्या, परिशिष्टातच येईल. भाग १९४ मध्ये ती परिशिष्टे आहेतच. त्यात ओलांडणीवार मोजमाप सक्तीचे करा, माझी हरकत नाही.

प्रवाहमापी
सक्ती म्हणजे काय, तेही लिहा. दर वर्षीची साधने लावण्याची कवायत त्याच ओलांडणीवर, त्याच कोनात व्हावी, आणि बूमने किती वेळ धरले ते नोंदवले जावे. आराखड्याची उजळणी पाच वर्षांनी होते. पूर आला की पात्र सरकते, त्याला पाच वर्षे लागत नाहीत.

नदीकाठ
बुडणारे तेल विसरू नका. मार्शलला पातळ केलेले बिटुमेन, म्हणजे डांबरासारखे घट्ट तेल, होते. त्यातले हलके घटक उडून गेले, उरलेल्यातले काही गाळाला चिकटून तळाशी बसले. तिथे बूम आणि स्किमर दोन्ही निरुपयोगी. आराखड्यात वाहिनीतल्या तेलाचा प्रकार लिहितातच, पण ते काही दिवस उघड्यावर राहिल्यावर किती जड होते, तेही हवे. ते न लिहिता कितीही साधने मोजली तरी ती चुकीची साधने असतील.