चीनमध्ये बाहेर काय खाऊ? उद्यापर्यंत उत्तर हवंय

अडला_हरी: तीन आठवडे झाले इथे येऊन. 'मांस नको' हे चिनीत पाठ केलंय, तरी काल टोफूत खिमा निघाला. परत दिला, तर बाईंनी चमच्याने खिमा बाजूला सारला आणि हसून ताटली पुन्हा पुढे ठेवली. वर अर्धा तास ओठ बधीर. उद्या ऑफिसची मंडळी हॉटपॉटला (टेबलावर उकळत्या रश्शात सगळ्यांनी शिजवून खायचं जेवण) नेणार आहेत, टाळता येत नाही. काय मागवू? 'घरी करून खा' सांगू नका.

पांथस्थ: चीन म्हणजे कुठे? अंडं चालतं का?

साजूक_तूप: छोटा राइस कुकर घ्या, मुगाची खिचडी वीस मिनिटांत. मी ग्वांगझूत चार वर्षं त्यावरच काढली.

अडला_हरी: चेंगदू. खिचडीबद्दल वर लिहिलंय ना हो!

मिरजकर: ते मापो टोफू. त्यात खिमा असतोच. 'रौ' (मांस) नको म्हटलं की त्यांना वाटतं तुकडे नकोत. खिमा काय, चवीपुरता. 'वो छ्र सू' म्हणा, मी शाकाहारी आहे. उच्चाराच्या भानगडीत न पडता मोबाईलवर दाखवा.

पांथस्थ: त्यानेही भागत नाही, भाजी बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. तिथल्या वेन्शू या बौद्ध मठात जेवा, तिथे खात्रीचं शाकाहारी.

मिरजकर: आणि ऑफिसच्या मंडळींना मठात नेऊ म्हणता? प्रश्न हॉटपॉटचा आहे.

मालवणी_मसाला: ओठांचं घाबरू नका, ती ह्वाज्याओ, म्हणजे सिचुआनची मिरी. आपल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. बांगड्याच्या आमटीत नाही का टाकत?

साजूक_तूप: तिरफळं वाटून घालायची की अख्खी?

मालवणी_मसाला: काळ्या बिया काढून जरा ठेचायची. वाटलीत की आमटी कडू.

खवय्या_पुणे: मंचुरियन मिळेल की, तेच मागवा.

मिरजकर: अहो, मंचुरियन मुंबईचं. चेंगदूत कोण ओळखणार?

रेशीमवाट: हॉटपॉटचं सांगते, पाच वर्षं इथेच आहे. लाल रस्सा बहुधा 'न्यूयौ'चा, म्हणजे गाईच्या चरबीचा. आधी विचारा 'छिंगयौ' आहे का, तो वनस्पती तेलाचा. दोन कप्प्यांचं 'युआनयांग' भांडं मागवा. पण पांढरा रस्सा दिसायला साधा, असतो हाडांचा किंवा कोंबडीचा. मशरूमच्या रश्शाचंही विचारूनच घ्या. कमळकाकडी, बटाटा, टोफू तुमच्याच कप्प्यात शिजवा, दुसऱ्यांच्या चॉपस्टिक तिकडे येऊ देऊ नका.

अडला_हरी: कोंबडीचा असेल तर चालेल की. कोंबडी-मासे खातो मी. फक्त गाय आणि डुक्कर नको.

पांथस्थ: कमाल आहे! हे पहिल्या ओळीत नको होतं का?

अडला_हरी: मी शाकाहारी आहे असं कुठे म्हटलं? खिमा डुकराचा होता म्हणून चिडलो.

रेशीमवाट: मग 'छ्र सू' म्हणूच नका. न्यूरौ (गाईचं मांस) नको, जूरौ (डुकराचं) नको, असं नाव घेऊन सांगा. नुसतं 'रौ' म्हणजे इथे बहुतेक डुक्करच. पांढरा रस्साही विचारून घ्या, हाडं बहुधा डुकराचीच असतात.

साजूक_तूप: कोंबडीची खिचडीही छान होते कुकरमध्ये.