मदत हवी आहे : पावसानंतर लॉनची पार दशा झालीय

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमचं पहिलंच घर झालंय. पुढच्या अंगणात मेक्सिकन लॉन लावलं होतं. वीतभर खणलं की खाली जांभा, म्हणून वर लाल माती आणून टाकली. यंदाच्या पावसाने ती बरीचशी गडग्यापर्यंत वाहून गेली. आता पागोळ्यांखाली नुसते खडे उरलेत, माडांच्या सावलीत शेवाळ धरलंय, आणि जिथे ऊन आहे तिथे लव्हाळा. उपटला की पात हातात येते, गाठ मातीतच. आठवड्यात पुन्हा हजर. शेजारचे काका रोज विचारतात, "गवत काढायला गडी लावतात, तुम्ही लावायला कशाला लावलात?"

सावलीतला भाग सोडून द्यावा की तिथे रुंद पानाचं कार्पेट ग्रास लावावं? हरळीला ऊन लागतं, ती माडाखाली टिकेलसं वाटत नाही. आपली माती आम्लधर्मी, तर शेवाळासाठी चुना टाकून उपयोग होतो का, की आधी पाण्याला वाट काढायला हवी? लव्हाळ्यावर तणनाशक मारायचं नाहीये, विहीर अगदी लागून आहे. दुरुस्ती आत्ता दिवाळीच्या आसपास करू की मृगापर्यंत थांबू? उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, रोज शिंपणं जमणार नाही. किनाऱ्यालगत कुणी लॉन टिकवलंय का?